शब्दांच्या गुहेतले हौशी

कादंबरी लिहायची हौस आणि जुन्या संगणकीय खेळांचे वेड एकाच माणसाला असले, की सल्ला देणाऱ्यांची पंचाईत होते. एक जण म्हणतो, लिहायचे असेल तर आधी भरपूर वाच. दुसरा म्हणतो, ते खेळ सोड, त्यात फुकट वेळ जातो. पण संगणकीय खेळांच्या इतिहासात एक काळ असा होऊन गेला, की ही दोन वेडे वेगळी नव्हतीच. पडद्यावर चित्र नसे, आवाज नसे, असत ती फक्त अक्षरे. संगणक दोन-चार वाक्यांत एखाद्या जागेचे वर्णन करी. उत्तरेला जा, कंदील घे, दार उघड अशा आज्ञा खेळणारा इंग्रजीत टाइप करी आणि गोष्ट पुढे सरके. असा खेळ तयार करणाऱ्याला प्रोग्राम जितका यावा लागे, तितकेच गद्यही लिहिता यावे लागे.

या खेळांचा धंदा जेमतेम दहा वर्षे तेजीत होता. त्याआधी ते हौशींचे होते, आणि धंदा बुडाल्यावरही हौशींनीच ते जगवले. लेखकाच्या उपयोगी पडावे असे जे त्यांतून निघाले, तेही बहुतेक याच मंडळींच्या खटपटीतून.

सुरुवात झाली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, जमिनीच्या पोटात. तिथली मॅमथ केव्ह ही आज ज्ञात असलेली जगातली सर्वांत लांब गुहा. १९७२ पर्यंत मात्र मॅमथ वेगळी आणि शेजारच्या फ्लिंट रिजखालची गुहा वेगळी, असेच नकाशे सांगत. दोन्ही आतून जोडलेल्या असाव्यात, असा गुहाप्रेमींचा कयास होता. त्या वर्षी ९ सप्टेंबरला सहा जणांच्या तुकडीने तो खरा करून दाखवला. त्या सहांत पॅट्रिशिया क्राउदर होत्या.

त्यांचे पती विल क्राउदर हेही गुहांचे वेडे. नोकरी मॅसॅच्युसेट्समधल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत, आणि काम अर्पानेटचे. आजच्या इंटरनेटचे मूळ मानल्या जाणाऱ्या या जाळ्यात ठिकठिकाणचे संगणक जोडणारी जी यंत्रे होती, त्यांचे प्रोग्राम लिहिणाऱ्या मोजक्या लोकांत ते होते. सुट्टीत टेप आणि होकायंत्र घेऊन गुहेत सरपटायचे, मापे वहीत उतरवायची आणि परत आल्यावर ती संगणकात भरून नकाशे काढायचे, असा या जोडप्याचा शिरस्ता होता.

हे लग्न टिकले नाही. घटस्फोटानंतर मुलींशी असलेला दुवा सैल होतोय, असे क्राउदर यांना वाटू लागले. १९७५-७६ च्या सुमारास त्यांनी मुलींना खेळता येईल असे काहीतरी करायला घेतले. सहकाऱ्यांबरोबर ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळत. टेबलाभोवती बसून बोलता बोलता साहसकथा रचण्याचा हा खेळ १९७४ मध्ये बाजारात आला होता. गुहेची आठवण आणि त्या खेळाची रीत एकत्र करून त्यांनी पीडीपी-१० या संगणकावर, फोर्ट्रान भाषेत, 'ॲडव्हेंचर' लिहिला. संगणकाची सवय नसलेल्याने बिचकू नये, म्हणून आज्ञा रोजच्या इंग्रजी शब्दांतच ठेवल्या.

त्यातली गुहा बरीचशी खरी होती. मॅमथच्याच जाळ्यातल्या बेडक्विल्ट या भागाचे ते वर्णन. तोंडाशी कुलूप लावलेली लोखंडी जाळी, आत गोट्यांवरून सरपटत जाण्याची बुटकी वाट आणि पुढे उघडत जाणारी दालने. खेळ पाठ असलेला माणूस प्रत्यक्ष गुहेत पहिल्यांदा उतरला तरी त्याला वाट सापडते, असे गुहाप्रेमी सांगत. २००५ मध्ये डेनिस जेर्झ हे इंग्रजीचे प्राध्यापक जाणकारांबरोबर तिथे उतरले आणि त्यांनी खेळातली ठिकाणे जागेवर ताडून पाहिली. क्राउदर यांचा मूळ प्रोग्राम कायमचा हरवला, असेच तोवर सगळे धरून चालले होते. तोही स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका जुन्या बॅकअपमध्ये सापडला. जेर्झ यांनी २००७ मध्ये गुहा आणि प्रोग्राम शेजारी शेजारी ठेवून दोन्हींची तुलना प्रसिद्ध केली.

या पहिल्या खेळाचे गद्य आजही वाचण्यासारखे आहे. विशेषणे मोजकी, दिशा, अंतर, उंची, दगडाचा पोत यांवर भर. गुडघे सोलून ज्याने ती जागा पाहिली आहे, त्याला ती भयाण किंवा गूढ आहे असे सांगावे लागत नाही. आपल्याला नीट माहीत असलेल्या जागेपासून सुरुवात करा, हा कादंबरीकारांना नेहमी दिला जाणारा सल्ला एका प्रोग्रामरने कोणी न सांगताच पाळला होता.

मुलींनी खेळ खेळला, क्राउदर यांनी तो संगणकावर तसाच ठेवला आणि ते दुसऱ्या कामाला लागले. पुढचा अंक स्टॅनफर्डचा. तिथल्या डॉन वुड्स या विद्यार्थ्याला १९७६ मध्ये हा खेळ सापडला. त्यात लेखकाचे आडनाव होते, पत्ता नव्हता. वुड्स यांनी अर्पानेटवरच्या एकूण एक संगणकावर 'क्राउदर' या नावाने पत्र धाडले. त्या काळी जाळेच एवढे लहान होते की हे जमले, आणि उत्तरही आले. परवानगी घेऊन वुड्स यांनी खेळ वाढवला. नवे खजिने आले, पूल अडवून बसलेला राक्षस आला, मुख्य म्हणजे गुण आले. पैकीच्या पैकी ३५०. १९७७ मध्ये ही आवृत्ती विद्यापीठांतून आणि कंपन्यांतून पसरली. ज्या कार्यालयात हा खेळ पोहोचतो, तिथले काम दोन आठवडे बंद पडते, असा विनोद तेव्हा प्रोग्रामरांत रूढ होता.

विल क्राउदर प्रोग्रामर आणि गुहाप्रेमी, वुड्स विद्यार्थी. दोघांनाही या खेळाचे पैसे मिळवायचे नव्हते. एकाने लिहून सोडून दिलेले दुसऱ्याने उचलायचे, पहिल्याला विचारायचे आणि पुढे न्यायचे, ही पद्धत या क्षेत्रात पहिल्या दिवसापासून पडली.

१९७७ मध्येच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीमध्ये, टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेबलिंग या चौघांनी 'ॲडव्हेंचर' पूर्ण सोडवला आणि यापेक्षा चांगला आपण करू, असे ठरवले. त्यांचा खेळ 'झॉर्क'. 'ॲडव्हेंचर'ला दोन शब्दांपलीकडे समजत नसे. 'झॉर्क'ला तलवारीने राक्षसावर हल्ला कर, अशा अर्थाचे अख्खे वाक्य दिले तरी चाले. शिवाय त्याच्या निवेदकाला टवाळीची खोड होती. काही वेडगळ आज्ञा दिलीच, तर तो शांतपणे टोमणा मारी. कथा सांगणाऱ्या आवाजाला स्वतःचा स्वभाव असतो, हे संगणकावर इथे ठळकपणे दिसले.

१९७९ च्या जूनमध्ये एमआयटीतल्या या मंडळींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी इन्फोकॉम ही कंपनी काढली. विकायचे काय, हे तेव्हा नक्की नव्हते. 'झॉर्क' हाताशी होता, पण तो चाले अवाढव्य संगणकावर. लोकांच्या घरी असत टीआरएस-८० किंवा ॲपल टू. त्यांची स्मृती ३२ किंवा ४८ किलोबाइटांच्या घरात. त्यात हा डोलारा मावणार कसा?

जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी काढलेला तोडगा जवळून पाहण्यासारखा आहे. त्यांनी कागदावर एक काल्पनिक संगणक रचला आणि त्याला झी-मशीन म्हटले. खेळ लिहायचा तो या काल्पनिक संगणकासाठी. मग प्रत्येक खऱ्या संगणकासाठी एक छोटा दुभाषी प्रोग्राम तयार करायचा. गोष्टीची फाइल सगळीकडे तीच, बदलायचा फक्त दुभाषी. सगळी गोष्ट एकदम स्मृतीत घेण्याचेही कारण उरले नाही. लागेल तेवढा तुकडा फ्लॉपीवरून उचलायचा.

मजकूर तर अक्षरशः चेपून भरला. एरवी एका अक्षराला आठ बिट लागतात. इथे ते पाच बिटांत बसवले, म्हणजे सोळा बिटांत तीन अक्षरे आली. एक बिट उरला, तो मजकूर संपल्याची खूण म्हणून वापरला. वारंवार येणाऱ्या शब्दांना संक्षेप दिले. इतके करूनही सुरुवातीच्या खेळांची फाइल १२८ किलोबाइटांपुढे जाऊ शकत नसे. त्यातच वर्णने, नकाशा, वस्तू, नियम, सगळे काही. मूळ 'झॉर्क'चे तीन भाग करावे लागले आणि पहिला १९८० मध्ये बाजारात आला. पाल्हाळ लावायला जागाच नव्हती. दालनाचे वर्णन तीन वाक्यांत होत असेल, तर चौथे कशाला, हा प्रश्न संपादकाऐवजी फ्लॉपी विचारी.

जागेच्या टंचाईतून एक वेगळी गंमतही निघाली. १९८२ च्या 'डेडलाइन' या खूनरहस्यात ब्लँक यांना जबाबांची टिपणे आणि तपासाची कागदपत्रे द्यायची होती, पण फ्लॉपी भरली होती. मग ती छापून खोक्यातच घातली, सोबत घटनास्थळी सापडलेल्या गोळ्यांची पुडीही. लोकांना हे इतके आवडले की पुढे इन्फोकॉमच्या प्रत्येक खोक्यात असे काही ना काही येऊ लागले. खेळाची चोरटी प्रत करणाऱ्याला हे कागद मिळत नसत आणि त्यांच्याशिवाय खेळ अडे, हा कंपनीचा वरकड फायदा.

अडलेल्यांसाठीही सोय होती. माइक डॉर्नब्रुक हा इन्फोकॉमचे खेळ तपासणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी एक. 'झॉर्क'च्या खेळाडूंना पत्रांतून सूचना देता देता त्याने त्यांची संघटनाच काढली. पुढे अदृश्य शाईत छापलेल्या सूचनापुस्तिका निघाल्या. प्रश्नाखाली कोरी जागा दिसे, खास पेन फिरवला की आधी मोघम आणि मग स्पष्ट उत्तर उमटे. वाचकाला किती सांगायचे आणि केव्हा, याचा इतका बारीक हिशेब रहस्यकथेचे लेखकही क्वचित मांडतात.

कादंबरीकार या आखाड्यात उतरले ते याच सुमारास. सर्वांत गाजला तो डग्लस ॲडम्स. 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही त्याची नभोनाट्यमालिका आणि कादंबरी ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचली होती. त्याने इन्फोकॉमच्या स्टीव्ह मेरेट्झ्कीबरोबर तिच्यावर खेळ लिहिला, तो १९८४ मध्ये आला. ठरलेल्या तारखा हुकवण्यात ॲडम्सचा हात धरणारा कोणी नव्हता. काम पुरे करून घ्यायला मेरेट्झ्कीला अखेर इंग्लंडला जाऊन त्याच्या शेजारी बसावे लागले.

या खेळातले बॅबल फिशचे कोडे अजून सांगितले जाते. कानात घातल्यावर कोणतीही भाषा समजावी असा हा मासा एका यंत्रातून मिळतो. बटण दाबले की मासा उडतो आणि समोरच्या भिंतीतल्या भोकात गडप होतो. भोकावर झगा टांगला, तर मासा त्यावर आपटून खाली जाळीच्या गटारात जातो. गटारावर टॉवेल अंथरला, तर साफसफाईचा यंत्रमानव येऊन मासा उचलून पळतो. त्याच्या दारापुढे पिशवी ठेवली, तर वरून उडणारा दुसरा यंत्रमानव हजर होतो. शेवटी पिशवीवर जाहिरातींच्या रद्दी टपालाचा गठ्ठा ठेवला की टपाल हवेत उधळते, तो यंत्रमानव कागद वेचत बसतो आणि मासा कानात पडतो. प्रत्येक उपाय पुढच्या अडचणीला जन्म देतो. प्रहसनाची रचना याहून वेगळी नसते. आणि क्रूरपणा असा की ते टपाल खेळाच्या सुरुवातीला, घराच्या दाराशी, उचललेले असावे लागते. तिथे राहिले तर पृथ्वी नष्ट झालेली असते, परत जायची सोयच नसते. हे कोडे सोडवल्याची फुशारकी मिरवणारे टी-शर्ट इन्फोकॉमने विकले.

बाकीच्या लेखकांना एवढे यश आले नाही. १९८४ मध्येच रे ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१'वर खेळ आला. मायकेल क्रायटनचा 'ॲमेझॉन' आला. पुढे अमेरिकेचे राजकवी झालेले रॉबर्ट पिन्स्की यांनी 'माइंडव्हील' लिहिला. त्याच्या खोक्यात चक्क पुठ्ठा बांधणीचे पुस्तक होते. १९८६ मध्ये थॉमस डिश या विज्ञानकथाकाराने 'ॲम्नेशिया'त मॅनहॅटनचे रस्ते आणि भुयारी रेल्वेची स्थानके उभी केली. साहित्याच्या वर्तुळाने या प्रयोगांकडे कुतूहलाने पाहिले, इतकेच. आणि खेळाडूंना लेखकाच्या नावापेक्षा आज्ञा समजून घेणारा प्रोग्राम चांगला असणे महत्त्वाचे वाटे.

अटलांटिकच्या पलीकडे, ब्रिटनमध्ये, हा प्रकार जास्त घरगुती होता. फ्लॉपी तिथे महाग. स्वस्तातला झेडएक्स स्पेक्ट्रम आणि साधी ऑडिओ कॅसेट यांवर सगळे चाले. स्पेक्ट्रमवर सर्वाधिक गाजलेला असा खेळ म्हणजे १९८२ चा 'द हॉबिट'. तो लिहिला मात्र ऑस्ट्रेलियात, मेलबर्न विद्यापीठात शिकत असताना अर्धवेळ नोकरी करणाऱ्या व्हेरोनिका मेग्लर आणि त्यांचे सहकारी फिलिप मिचेल यांनी. खोक्यात टॉल्किन यांचे मूळ पुस्तकच मिळे. मेग्लर यांची युक्ती अशी की खेळातली पात्रे खेळाडूची वाट पाहत थांबत नसत. ती आपापली हिंडत, भांडत, प्रसंगी मरतही. बुटक्यांचा पुढारी थोरिन भलत्या वेळी खाली बसून सोन्याबद्दल गाऊ लागे, आणि ब्रिटनमधल्या एका अख्ख्या पिढीला हे आजही आठवते. पात्रांना नायकाशी संबंध नसलेले आयुष्य असावे, ही कादंबरीतली जुनी मागणी इथे काही किलोबाइटांत पुरवली गेली.

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, ग्रीम येंडल यांचा 'द क्विल' आला. वेल्समधल्या गिलसॉफ्ट या छोट्या कंपनीने तो विकला. 'द क्विल' हा खेळ नव्हता, खेळ लिहिण्याचे साधन होते. जागा कोणत्या, त्या एकमेकींना कशा जोडलेल्या, कोणत्या आज्ञेने काय घडते, एवढे भरले की खेळ तयार. प्रोग्राम लिहिता न येणारे शाळकरी, गृहिणी, निवृत्त माणसे आपापले खेळ करून कॅसेटवर विकू लागली. त्यातले बरेचसे सुमार होते, यात नवल नाही. पहिल्या कादंबऱ्याही बहुधा सुमारच असतात.

अमेरिकेत धंद्याला उतरती कळा लागली, ती दोन बाजूंनी. पहिली बाजू चित्रांची. रॉबर्टा विल्यम्स यांना 'ॲडव्हेंचर'ने झपाटले आणि त्यांनी पती केन यांच्याबरोबर १९८० मध्ये 'मिस्ट्री हाउस' काढला. रेघांची का होईना, चित्रे असलेला हा पहिला साहसी खेळ. प्लास्टिकच्या पिशवीत फ्लॉपी घालून त्यांनी तो विकला आणि त्यातून सिएरा ही बडी कंपनी उभी राहिली. संगणकांचे पडदे सुधारत गेले तसा नुसता मजकूर विकणे अवघड झाले. दुसरी बाजू इन्फोकॉमच्या स्वतःच्या निर्णयाची. खेळांच्या पैशांतून त्यांनी कंपन्यांसाठी 'कॉर्नरस्टोन' नावाचे माहितीसाठ्याचे सॉफ्टवेअर काढले. १९८५ मध्ये ते बाजारात आले आणि आपटले. १९८६ मध्ये ॲक्टिव्हिजन या खेळांच्या कंपनीने इन्फोकॉम विकत घेतली आणि १९८९ मध्ये तिचे मॅसॅच्युसेट्समधले कार्यालय बंद केले. बंद पडण्याआधीच्या पाच वर्षांत इन्फोकॉमने 'अ माइंड फॉरएव्हर व्हॉयेजिंग' आणि अणुबॉम्बवरचा 'ट्रिनिटी' यांसारखे खेळ दिले होते, ज्यांची आठवण या क्षेत्रात अजून आदराने काढली जाते.

इथवरची गोष्ट कोणत्याही बुडालेल्या धंद्याची असू शकते. पुढची तशी नाही. झी-मशीन ही गोष्टीपासून वेगळी ठेवलेली यंत्रणा होती, हे हौशींना ठाऊक होते. कंपनीने तिचा आराखडा कधी प्रसिद्ध केला नव्हता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही उत्साही मंडळींनी, कोणी सांगितले नसताना, फाइलीतल्या बाइटांवरून तो उलगडला आणि नव्या संगणकांसाठी स्वतःचे दुभाषी प्रोग्राम लिहिले. १९९१ मध्ये ॲक्टिव्हिजनने जुन्या खेळांचा संच पुन्हा विक्रीला काढला. शाळकरी वयात अडलेली कोडी आता नोकरीधंद्याला लागलेल्या लोकांनी पुन्हा काढली. आठवणींच्या या बाजारातून लेखक निघतील, असे कोणाला वाटले नसेल.

१९९३ मध्ये ऑक्सफर्डमधले गणितज्ञ आणि कवी ग्रॅहम नेल्सन यांनी 'इन्फॉर्म' ही भाषा तयार केली. तिच्यात लिहिलेला खेळ थेट इन्फोकॉमच्या जुन्या झी-मशीनवर चाले. भाषा खरोखर चालते हे दाखवायला त्यांनी 'कर्सेस' हा भलामोठा खेळही लिहिला आणि दोन्ही फुकट वाटले. दोन वर्षांनी केव्हिन विल्सन यांनी हौशी लेखकांची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी, १९९५ मध्ये, १२ खेळ आले. परीक्षक म्हणजे इतर हौशीच, आणि त्यांनी एका खेळाला जास्तीत जास्त दोन तास द्यायचे, असा नियम. या एका अटीने प्रकृतीच पालटली. बाजारातल्या खेळाला चाळीस तासांची करमणूक देणे भाग असे. कारण गिऱ्हाइकाने पैसे मोजलेले असत. दोन तासांत कादंबरी मावत नाही, कथा मावते. लोक कथा लिहू लागले.

१९९८ चा विजेता 'फोटोपिया' याचे चांगले उदाहरण. ॲडम केड्रे यांच्या या खेळात कोडी जवळजवळ नाहीतच. एका मुलीचे आयुष्य वेगवेगळ्या माणसांच्या नजरेतून, काळाचा क्रम मोडून, समोर येते. पुढे काय होणार हे वाचकाला कळते, पण आज्ञा देऊन ते टाळता येत नाही. हा खेळ आहे की नाही, यावर तेव्हा बरीच वादावादी झाली. केड्रे यांची पहिली कादंबरी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी एमिली शॉर्ट यांचा 'गॅलेटिया' आला. त्यात दालन एक, पात्र एक, बोलणारा पुतळा. त्याच्याशी संभाषण कसे वळते यावर डझनावारी शेवट अवलंबून. संवाद लिहू पाहणाऱ्याने तो एकदा तरी खेळावा.

नेल्सन यांनी नुसते साधन दिले नाही, शहाणपणही लिहून ठेवले. त्यांनी खेळाडूच्या हक्कांची १७ कलमांची सनद काढली. पूर्वसूचना न देता खेळाडूला मारू नये. मागच्या वेळी मेलो तेव्हा काय कळले, याच्या आधारावरच पुढे जाता येईल असे ठेवू नये. सुरुवातीची एखादी वस्तू राहिली म्हणून तासाभराने, काही न सांगता, वाट बंद करू नये. कोडे सुटल्यावर ते तसे का होते, हे समजले पाहिजे. खेळ समजायला अमेरिकन असण्याची गरज पडू नये. रद्दी टपालाचा गठ्ठा विसरलेल्या हजारो लोकांची तक्रार या कलमांत आहे. आणि 'खेळाडू'च्या जागी 'वाचक' शब्द घातला, तर रहस्यकादंबरीच्या लेखकाने भिंतीवर लावावी अशी ही यादी आहे.

या मंडळींची दुसरी चाल त्याहून उपयोगी. खेळ प्रसिद्ध करण्याआधी तो चार-सहा ओळखीच्यांना द्यायचा आणि त्यांनी टाइप केलेली प्रत्येक आज्ञा, आलेले प्रत्येक उत्तर, यांची सलग नोंद मागवायची. लेखकाने वर्णनात सहज म्हणून एक खिडकी घातलेली असते. नोंदीत दिसते की पाचपैकी चार जणांनी ती उघडायचा, फोडायचा, तिच्यातून डोकावायचा प्रयत्न केला. ज्या आरशावर लेखकाने दोन दिवस घालवले, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलेले नसते. कादंबरीकाराच्या हाती असा कागद कधी पडत नाही. हस्तलिखित वाचून मित्र म्हणतात 'छान आहे', आणि ते कोणत्या पानावर पेंगले होते ते सांगत नाहीत.

नंतरची वाट सोपी होत गेली. २००६ मध्ये 'इन्फॉर्म'ची नवी आवृत्ती आली, तिच्यात प्रोग्राम जवळजवळ साध्या इंग्रजी वाक्यांत लिहिता येतो. २००९ मध्ये ख्रिस क्लायमस यांनी 'ट्विन' काढले. त्यात आज्ञा टाइप करण्याची भानगडच नाही. परिच्छेद लिहायचे, त्यांतल्या शब्दांना दुवे द्यायचे, वाचक ज्यावर बोट ठेवील तिकडे गोष्ट जाईल. प्रोग्रामिंगशी कधी संबंध न आलेल्या लेखकांनी, विशेषतः स्त्रियांनी आणि लैंगिक अल्पसंख्याकांनी, त्यात स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिले. १९९५ मधली ती स्पर्धा अजून दरवर्षी होते. २०१६ पासून या क्षेत्राला वाहिलेली एक ना-नफा संस्था तिची व्यवस्था पाहते.

२०१० मध्ये 'गेट लॅम्प' हा या इतिहासावरचा माहितीपट करणाऱ्या जेसन स्कॉट यांनी २०१९ मध्ये इन्फोकॉमच्या खेळांचे मूळ प्रोग्राम सर्वांसाठी मांडले. कायद्याच्या दृष्टीने तेव्हा ते संदिग्ध होते. ॲक्टिव्हिजन विकत घेतल्यामुळे 'झॉर्क'ची मालकी मायक्रोसॉफ्टकडे आली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने 'झॉर्क'च्या तीनही भागांचे प्रोग्राम मुक्त परवान्याखाली खुले केले. ते कसे लिहिले गेले, हे आता कोणीही कायदेशीरपणे वाचू शकतो.

मराठीत या वाटेने जाऊ पाहणाऱ्यापुढे एक खरी अडचण आहे. आज्ञा टाइप करण्याचा प्रकार इंग्रजीत सोपा गेला, कारण तिथे नाम बदलत नाही. मराठीत कंदील घ्यायचा, कंदिलाने उजेड पाडायचा आणि कंदिलात तेल घालायचे. तिन्ही रूपे एकाच वस्तूची आहेत, हे प्रोग्रामला शिकवावे लागेल. पाच बिटांच्या हिशेबात देवनागरीला जागाही नव्हती. 'ट्विन'ला यातले काहीच आडवे येत नाही. ते फुकट आहे, त्यातून तयार होते ते साधे वेबपान, आणि त्यात देवनागरी मजकूर कोणत्याही मोबाइलवर वाचता येतो.

तेव्हा कादंबरी लिहायची आहे आणि जुने खेळही सोडवत नाहीत, अशा माणसाने दोन्हींपैकी एक निवडण्याच्या फंदात पडू नये. पायाखालून गेलेली एखादी जागा घ्यावी. वाडा, गोदी, साखर कारखाना, काहीही. दोन तासांत संपेल एवढीच गोष्ट तिथे रचावी. ती चार जणांना द्यावी, त्यांच्या शेजारी गप्प बसावे आणि ते कुठे थांबतात, कुठे परत फिरतात ते वहीत टिपून घ्यावे. तीनशे पानांचे हस्तलिखित त्यानंतर हाती घ्यावे.